दुकानांवरच्या मराठी पाट्या आणि देवनागरी पाहायला शिकणे

कोरा_कागद

गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या दुकानांवरची मराठी अक्षरे मोठी झाली, पण ती कोणी बसून काढली आहेत असे बहुतेक ठिकाणी दिसत नाही. माझे हे मत कितपत टिकते ते पाहावे, म्हणून हा धागा काढते आहे. मी मुंबईत अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला शिकते आणि विशेष विषय म्हणून अक्षररचना घेतली आहे. त्यामुळे घरी लग्नपत्रिका आली की लग्न कोणाचे हे वाचण्याआधी माझे लक्ष तिच्या टंकाकडे (फाँटकडे) जाते आणि आई वैतागते.

पार्श्वभूमी अनेकांना ठाऊक असेल. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, हेही त्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर जी घाई उडाली तिचा परिणाम मला रोज कल्याणहून लोकलने आणि पुढे स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत पायी जाताना दिसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. वाटेत एक चष्म्याचे दुकान आहे. त्याचे रोमन नाव बारीक, सारख्या जाडीच्या रेषांत, अक्षरांमध्ये ऐसपैस मोकळी जागा ठेवून काढलेले आहे. ते करणाऱ्याने त्यावर वेळ घालवला आहे हे लगेच कळते. त्याच्या खाली तेवढ्याच लांबीत मराठी नाव बसवण्यासाठी संगणकावरचा हाताशी असलेला टंक घेऊन तो आडवा ताणलेला आहे. अक्षर आडवे ताणले की उभ्या रेषा जाड होतात आणि आडव्या मात्र होत्या तेवढ्याच राहतात, म्हणून सगळे काने लठ्ठ झाले आहेत आणि शिरोरेषा त्यांच्या डोक्यावर दोऱ्यासारखी उरली आहे. एवढे करूनही लांबी भरेना, म्हणून रोमनप्रमाणे अक्षरांमध्ये जागा सोडली आहे आणि शिरोरेषेचे तुकडे झाले आहेत. ‘ऑप्टिशियन’मधली ‘प्टि’ची पहिली वेलांटी अर्ध्या ‘प’वरच संपते, ‘ट’पर्यंत पोहोचतच नाही. पाटी कायद्याला धरून आहे. मापाने मोजली तर मराठी अक्षरे रोमनपेक्षा मोठीच भरतील.

मापाचाही एक घोळ आहे, तो आम्हाला वर्गात शिकवल्यावर कळला. रोमन मोठी अक्षरे एका रेषेवर उभी राहतात आणि त्यांची उंची सरळ मोजता येते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. तिच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. हे सगळे एकाच मापाच्या चौकटीत बसवायचे म्हणजे मधल्या मुख्य अक्षराला कमी उंची मिळते. त्यामुळे संगणकावर दोन्ही लिप्यांना सारखेच माप दिले, तरी मराठी मजकूर डोळ्याला लहान वाटतो. मग अक्षर लहान की मोठे, हे नक्की कुठून कुठपर्यंत मोजायचे?

आता माझी खरी अडचण. माझी मातृभाषा मराठी आहे, शाळा मराठी माध्यमाची होती, वाचनही बहुतेक मराठीच. तरी आकारांबाबतची माझी समज रोमनवर घडली. पहिल्या दोन वर्षांत गारामाँ, बोदोनी, हेल्व्हेटिका या रोमन टंकांची वळणे आम्ही गिरवली आणि देवनागरी शेवटी, सबमिशनच्या तोंडावर आली. रोमनमध्ये महत्त्वाचा शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) टाकता येतो. देवनागरीत मोठी लिपी नाही. तिरपा टंक म्हणून संगणक जो देतो तो नुसता ढकललेला असतो. अक्षरांतली जागा वाढवून शीर्षकाला भारदस्तपणा आणावा, तर शिरोरेषा तुटते. म्हणजे हातातली निम्मी साधने चालत नाहीत, आणि चालतात ती कोणती हे कोणी क्रमवार शिकवत नाही.

या सत्रात बांबूच्या बोरूने लिहायला लागल्यावर थोडा उलगडा झाला. रोमनच्या रुंद टाकाने वरून उजवीकडे उतरणारी रेषा जाड येते आणि डावीकडे उतरणारी बारीक. देवनागरीचा बोरू उलट्या तिरक्या कापाचा असल्याने नेमके याच्या विरुद्ध घडते. ‘र’चा खाली उजवीकडे जाणारा पाय आणि ‘व’चे पोट एकाच बोरूने काढून पाहिले, की जाडी कुठे यायला हवी हे हाताला कळते आणि मग पडद्यावरच्या पुष्कळ टंकांत ती भलतीकडे आलेली दिसू लागते.

इथे मुद्रण, पाट्या रंगवणे, संगणकीय मराठी यांत काम केलेली मंडळी आहेत. आपापल्या कामात देवनागरी कशी हाताळली जात होती, हे त्यांनी लिहावे अशी विनंती आहे. माझ्या वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी ते उपयोगी पडेल आणि माझे मत चुकीचे असेल तर तेही कळेल.

रंगारी_गल्ली

विषय जिव्हाळ्याचा आहे. माझे वडील कोल्हापुरात पाट्या रंगवत असत आणि शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असे, म्हणून लिहितो.

पत्र्यावर पहिला हात मारून झाला, की खडू लावलेली दोरी ताणून दोन रेघा मारायच्या, एक शिरोरेषेची आणि एक तळाची. वर मात्रांना किती आणि खाली उकाराला किती जागा सोडायची, हे ते नाव ऐकूनच ठरवत. ‘गणेश’ला वर एकच मात्रा पुरते, पण ‘कीर्ती’ म्हटले की वरची जागा वाढवायची. मग लांबीचा हिशोब. साधे अक्षर एक, काना अर्धा, जोडाक्षर दीड, अशी बोटांवर बेरीज करून ते पाटीची लांबी भागत. त्यांना शाळेत गणित आले नव्हते, पण पाटीच्या कडेला शेवटचे अक्षर दाटीने बसवलेले मी कधी पाहिले नाही. अक्षरे आधी खडूने काढायची, नंतर चपट्या ब्रशने रंग, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, काठीवर मनगट टेकवून, शक्यतो एका दमात.

फ्लेक्स आल्यावर हे काम गेले. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही, कारण फ्लेक्स स्वस्त होता आणि दुसऱ्या दिवशी हातात मिळत होता. पण एक फरक सांगतो. वडील नाव कळल्यावर अक्षरे ठरवत. फ्लेक्सवाल्याकडे टंक आधीच ठरलेला असतो आणि नावाला त्यात कोंबावे लागते. तुम्ही सांगितलेल्या चष्म्याच्या दुकानात तेच झाले आहे.

साधा_हिशोब

धागा वाचला. मी दादरला विजेच्या सामानाचे छोटे दुकान चालवतो आणि ज्यांच्यावर इथे टीका चालली आहे त्यांपैकी एक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मुदत जवळ आली तेव्हा पाटी करणाऱ्यांकडे रांगा होत्या. माझ्या माणसाने संगणकावर नाव टंकले, मला पडद्यावर दाखवले, मी शुद्धलेखन तपासले आणि होकार दिला. शिरोरेषा बारीक आहे की जाड, हे पाहण्याची माझी मनःस्थिती नव्हती. दंड होऊ नये एवढेच डोक्यात होते. आणि खरे विचाराल तर आजतागायत एकाही गिऱ्हाइकाने ‘तुमची वेलांटी आखूड आहे’ अशी तक्रार केलेली नाही. दिवा हवा असतो, तो मिळतो. पाटी वाचता आली म्हणजे तिचे काम झाले. आपण विद्यार्थी आहात, आपल्याला बारकावे दिसणारच, ते चांगलेच आहे. पण ज्याला दिसत नाहीत त्याचे काही बिघडते का, याचे उत्तर द्या. शिवाय हल्ली संगणकाला दोन ओळी सांगितल्या की तो चित्रासकट पाटी तयार करून देतो. चार वर्षे शिकून तुम्ही जे कराल ते पुढे कोण विकत घेणार, हाही प्रश्न आहेच.

जुना_जुळारी

कोरा_कागद, तुला ‘तू’ म्हणतो, कारण माझी नात तुझ्या वयाची आहे. पुण्यातल्या एका छापखान्यात ऑफसेट छपाई येईपर्यंत मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवले. साधा_हिशोब यांनी विचारले आहे की कोणाचे काय बिघडते. त्याकडे येतोच, पण आधी कामाचे सांगतो.

मराठीच्या खिळ्यांच्या दोन तऱ्हा होत्या. अखंड पद्धतीत मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे, म्हणजे ‘क’चा एक खिळा, ‘कि’चा वेगळा, ‘के’चा वेगळा. छपाई देखणी येई, पण खिळ्यांची संख्या बेसुमार, आणि पेट्यांचे खण पुढ्यात आणि दोन्ही बाजूंना मांडून त्यांतून हात फिरवावा लागे. डिग्री पद्धतीत अक्षर आखूड ओतून त्याच्या डोक्यावर मात्रेचा वेगळा, चिमुकला खिळा बसवायचा. यात खिळे कमी लागत, पण रफार आणि अनुस्वार इतके नाजूक असत की दाबाखाली त्यांची टोके मोडत. जुन्या पुस्तकांत तुला तुटके रफार दिसतील, ते या पायी. खिळे कमी करण्याचा खटाटोप मोठमोठ्यांनी केला आहे. लोकमान्य टिळकांनीही त्यात लक्ष घातले होते. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी (‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहिणे) पुरस्कारली, तिच्यामागेही छपाई सोपी व्हावी हा हिशोब होताच.

आता बिघडण्याबद्दल. दोन ओळींमध्ये आम्ही शिशाची पट्टी घालत असू, तिला लेड म्हणत. इंग्रजी मजकुराला जी पट्टी पुरे ती मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीत ‘दृष्ट्या’ आला आणि नेमका त्याच्या खाली ‘मूर्तींची’ आला, तर वरचा ऋकार आणि खालचा रफार एकमेकांत घुसतात. कागद वाचवायला मालकाने पट्टी बारीक करायला सांगितली, की संध्याकाळी प्रूफ तपासणारा डोळे चोळत बसे. चुका वाढत. त्यालाही कोणी सांगितले नसते की ‘पट्टी बारीक आहे’; तो म्हणे, ‘आज डोकं चालत नाही.’ वाचणाऱ्याला त्रास होतो, पण तो कशाचा हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तक्रार येत नाही.

एक काम कर. निर्णयसागर मुद्रणालयाने छापलेली संस्कृत पुस्तके एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळतील, ती भिंग घेऊन पाहा. जावजी दादाजींच्या त्या कारखान्यातल्या अक्षरांचा ठसा मुंबईच्या वळणावर किती खोल आहे, ते तुला सांगावे लागणार नाही.

कोरा_कागद

काका, खूप आभार. ‘दृष्ट्या’ आणि ‘मूर्तींची’ ही जोडी मी आजच निरनिराळ्या टंकांत टाकून पाहिली आणि ओळींतले अंतर संगणकाने आपोआप ठरवलेले असेल तर ती अजूनही एकमेकांना भिडते.

साधा_हिशोब, आपला प्रश्न रास्त आहे आणि टीका आपल्यावर नाही. दोन महिन्यांत शहरभर पाट्या बदलायच्या, तर दुकानदाराने अक्षररचनेचा विचार करत बसावे अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. माझा रोख असा आहे की, पाटी करणाऱ्याच्या संगणकात रोमनचे शंभर नीट टंक असतात आणि मराठीचे पाचसहा, त्यांतलेही काही मूळचे कागदावरच्या बारीक मजकुरासाठी केलेले. त्यामुळे घाई नसती तरीही पाटी जवळपास अशीच झाली असती.

तरी चित्र पूर्वीपेक्षा बरे आहे. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी केलेला मंगल हा टंक अनेक वर्षे बहुतेकांच्या पडद्यावर एकटाच होता. तो पडद्यासाठी होता आणि त्याने मराठीला संगणकावर उभे केले. पण पुढे लोकांनी त्याच्यातच लग्नपत्रिका आणि फलकही केले, यात त्या टंकाचा काय दोष? आज ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा टंक सात वजनांत (जाडींत) मोफत मिळतो, बलू पाट्यांसाठी उत्तम चालतो, आणि राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे टंक उपलब्ध करून दिले आहेत. पाटीवाल्याला ते ठाऊक नसतात, एवढीच अडचण अनेकदा असते.

यंत्राने केलेल्या पाट्यांबद्दल म्हणाल, तर आमच्या वर्गातही त्या येतात. चित्र सुरेख असते आणि जोडाक्षर पाहिले की भलताच आकार निघतो. ते पुढे सुधारेलही. पण सुधारले आहे की नाही, हे ओळखणारा माणूस लागेलच, आणि सध्या तरी मी तेवढेच शिकते आहे.

बग_शोधक

मी एका आर्थिक सेवेच्या ॲपवर काम करतो. नाव सांगत नाही. जुळारीकाकांनी सांगितलेला प्रकार आमच्याकडे रोज घडतो, फक्त शिशाऐवजी पडदा आहे.

बटणांची उंची रोमन मजकूर धरून ठरवलेली असते. त्यात मराठी भाषांतर घातले की वरचा अनुस्वार किंवा रफार कापला जातो. ‘अटींशी सहमत’ या बटणावर वेलांटीच्या वळणासकट अनुस्वार गेला होता आणि ते ‘अटाशी’ असे काहीतरी दिसत होते. चाचणी करणाऱ्यांत मराठी वाचणारे कोणी नव्हते, म्हणून ते तसेच लोकांपर्यंत गेले. म्हातारी माणसे अशा वेळी बटण दाबायलाच घाबरतात आणि आपल्यालाच काही समजत नाही असे म्हणतात. साधा_हिशोब यांना उत्तर हवे असेल तर हे एक आहे.

दुसरी गोष्ट, मराठी ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ संगणकाच्या दृष्टीने एकच अक्षर आहेत, दोघांचा संकेतांकही (संगणक अक्षर ओळखतो तो क्रमांक) एकच. चांगल्या टंकात दोन्ही आकार असतात, पण हा मजकूर मराठी आहे असे पानाला सांगितलेले नसेल तर मराठी आकार उमटत नाही. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी कोणते आकार वापरायचे ते दिलेले आहेत. तरी पुष्कळशा मराठी संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये हिंदी वळण दिसते, कारण ती एक खूण घालायचे कोणाच्या लक्षात येत नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ मात्र वेगळ्या संकेतांकाने लिहावा लागतो. तो चुकला की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

कोरा_कागद, तुमच्या प्रकल्पाचे स्वरूप काय आहे? टंक करणार आहात की नियमावली?

फळा_आणि_खडू

मी चित्रकला शिक्षिका आहे. देवनागरीची नजर महाविद्यालयात घडत नाही असे कोरा_कागद म्हणते, पण गडबड त्याच्या आधीच सुरू होते. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला, भूमितीबरोबर अक्षरलेखन असते. मुले चौकटी आखून त्यांत ठोकळ्यासारखी अक्षरे बसवतात. रोमन अक्षरे त्या चौकटींत बऱ्यापैकी बसतात. मराठीत ‘र’ला आणि ‘क्ष’ला सारखीच चौकट दिली की ‘र’ पोकळ दिसतो आणि ‘क्ष’ गुदमरतो. गुण चौकटीच्या नेमकेपणाला असतात, त्यामुळे मुले बहुधा इंग्रजी शब्द निवडतात, कारण तो सोपा जातो. मी स्वतः वर्गात आता चौकटीआधी बोरूने गिरवायला लावते. बांबूची काडी, कटर आणि शाई एवढ्यात भागते, आणि मुलांना काडी तासण्यातच निम्मा आनंद मिळतो.

सांगलीकर_बाबा

माझ्या मुलाला डिझाइनला जायचे आहे, त्यासाठी हा धागा वाचतो आहे. चर्चा छान आहे, पण मला व्यावहारिक विचारायचे आहे. खर्च किती येतो, दिवस कसा जातो, आणि शेवटी काम मिळते का? मुलगा या प्रश्नांना ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार’ एवढेच उत्तर देतो.

कोरा_कागद

बाबा, त्याच्या वतीने मी सांगते.

प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो आणि पदवी चार वर्षांची असते. अनुदानित महाविद्यालयाचे शुल्क झेपण्यासारखे असते, पण साहित्याचा खर्च गृहीत धरावा लागतो. कार्ट्रिज पेपर, माउंट बोर्ड, रंग, कटरची पाती हे सारखे संपते, आणि सबमिशनच्या आठवड्यात रंगीत छपाईवर जातो तो पैसा सगळ्यांत जास्त टोचतो. लॅपटॉप पहिल्याच वर्षी घ्यायची गरज नाही. नावाजलेली सॉफ्टवेअरे दरमहा भाड्याने घ्यावी लागतात, पण इंकस्केप, क्रिता, फाँटफोर्ज ही मोफत आहेत आणि शिकण्याला पुरतात. मी अजून त्यांवरच काम करते.

दिवसाचे म्हणाल तर सकाळी वर्गातले काम, दुपारी ज्युरीसाठी (शिक्षकांपुढच्या मूल्यमापनासाठी) केलेल्या कामावर शेरे, आणि संध्याकाळी ते सगळे नव्याने. एक ‘अ’ काढायचा असेल तर त्याच्या डाव्या वळणांतली पांढरी जागा आणि कान्यापाशी उरलेली जागा डोळ्यांना सारखी वाटेपर्यंत त्याच कागदावर ट्रेसिंग ठेवून काढत बसावे लागते. बाहेरच्याला हा वेळकाढूपणा वाटतो. घरीही वाटतो, विशेषतः नातेवाइकांची बारशाची आमंत्रणे आणि वाढदिवसाचे फलक मी ‘दोन मिनिटांत’ करून द्यावेत अशी अपेक्षा असते तेव्हा. लोकलमध्ये गर्दी नसली तर वहीत समोरच्या पिशव्यांवरची अक्षरे उतरवून घेते. साडीच्या दुकानांच्या कापडी पिशव्यांवर अजून हाताने काढलेली अक्षरे सापडतात, आणि कित्येकदा ती आमच्या वर्गातल्या कामापेक्षा सरस असतात.

कामाचे असे आहे की जाहिरात, पॅकेजिंग, प्रकाशन आणि हल्ली बहुतेकांना ॲपचे काम मिळते. नुसत्या मराठी अक्षररचनेवर पोट भरणारी माणसे थोडी आहेत, हे मान्य करायला हवे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांसाठी जी अक्षरे काढली तशा कामाची आज रोज मागणी नाही. मुलाला सांगायचे तर असे सांगा की दुसरे एखादे कौशल्य सोबत असू दे. आणि कधीतरी त्याच्या वहीत काय आहे ते त्याला दाखवायला सांगा. ‘नाही कळणार’ हे उत्तर आम्ही बहुतेकदा कंटाळून देतो.

बग_शोधक, टंक करण्याची उडी मी घेत नाही. मराठीला लागणारी जोडाक्षरे धरली तर एका वर्षात एकटीने तो नीट होणार नाही, आणि अर्धवट टंकांची आपल्याकडे उणीव नाही. मी पाटी करणाऱ्यांसाठी चार पानांची पुस्तिका करते आहे. कोणता मोफत टंक कशाला चालतो, लांबी भरत नसेल तर ताणण्याऐवजी रुंद वळणाचा टंक कसा निवडायचा, वर आणि खाली किती जागा सोडायची, आणि उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजायची, एवढेच त्यात असेल. पुस्तिका मराठीत आणि हिंदीत करीन, कारण मी भेटले त्यांतले बरेच पाटीवाले हिंदी वाचणारे आहेत.

काका, कोणताही टंक वापरण्याआधी तपासून पाहायला काही शब्द सुचवाल का?

जुना_जुळारी

नवा खिळा आला की आम्ही जी तपासणी करत असू ती अशी. वरची जागा पाहायला ‘मूर्तींची’ आणि ‘सर्वांच्या’. खालची पाहायला ‘दृष्ट्या’ आणि ‘कर्तृत्व’. अर्ध्या ‘र’साठी ‘ऱ्हास’ आणि ‘तुऱ्यांवर’. ‘ट्र’चा पाय पाहायला ‘राष्ट्र’. वेलांटी जोडाक्षरावर पूर्ण पोहोचते का, यासाठी ‘शक्ति’ला ‘शक्तिमान’ करून पाहावे आणि जोडीला ‘दृष्टिकोन’. ‘ळ’ आणि ‘ल’ शेजारी आणायला ‘लाभलेली वेळ’. ‘ॲ’ आमच्या वेळी नव्हता, तो तू घाल.

अंकही पाहा. पाच, आठ आणि नऊ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत आणि पाट्यांवर दूरध्वनी क्रमांक असतातच.

बग_शोधक

काकांची यादी मी आमच्या चाचणीत घालून घेतली. पहिल्याच फेरीत ‘कर्तृत्व’ खालून कापला गेला.

साधा_हिशोब

मी माझे मत पूर्ण बदललेले नाही. तरी काल दुकान उघडताना पाटीकडे पाहिले आणि ‘इलेक्ट्रिकल्स’मधली वेलांटी अर्ध्या ‘क’वरच संपते आहे असे लक्षात आले. आता ते रोज दिसणार, याचे श्रेय या धाग्याला. पावसाळ्यानंतर पाटी तशीही बदलायची आहे. पुस्तिका तयार झाली तर ती माझ्या पाटीवाल्याला देईन, पण पैसे वाढता कामा नयेत.

कोरा_कागद

पैसे वाढणार नाहीत, टंक मोफत आहेत. ‘क्ट्रि’ हे अवघड प्रकरण आहे, वर वेलांटी लांबवावी लागते आणि खाली ‘ट्र’चा पाय उतरतो, म्हणून पाटीची लांबी, उंची आणि खाली रोमन ओळ ठेवायची की नाही एवढे कळवा. पाटीवर दूरध्वनी क्रमांक असेल तर तोही किती ओळींत हवा ते सांगा. दोन-तीन नमुने करून इथेच टाकते, आणि जुळारीकाकांनी ते मंजूर केल्याशिवाय छपाईला देऊ नका.